पावती मागायची भीड

भाजीवाल्या मावशींशी दहाच्या कोथिंबिरीवरून हुज्जत घालणारा माणूस दर महिन्याला घरमालकाच्या हातात आठ-दहा हजारांच्या नोटा ठेवतो, "मोजून घ्या" म्हणतो आणि रिकाम्या हाताने जिना उतरतो. एटीएममधून पाचशे काढले तरी चिठ्ठी छापून घेणारा हाच. पण घरमालकाकडे कागद मागायचा म्हटलं की याची जीभ अडखळते. समोर काकू असतात, त्यांनी नुकताच चहा टाकलेला असतो, गणपतीत उकडीचे मोदक वर पाठवलेले असतात. अशा बाईला "पावती द्या" कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्यांना वाटेल, याचा आपल्यावर विश्वास नाही.

पुण्यात बरीच वर्षं भाड्याने काढल्यावर आणि नातेवाइकांच्या पोरांना खोल्या शोधून दिल्यावर माझं मत असं झालंय, की रोख भाड्यातली खरी अडचण कायद्याची नाही, भिडेची आहे. कायदा भाडेकरूच्या बाजूने बरंच बोलतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम २६ सांगतं, की घरमालकाने जागेपोटी जी रक्कम घेतली तिची लेखी पावती, घेतल्या वेळीच, द्यायची. दिली नाही आणि गुन्हा शाबीत झाला, तर रोजचा शंभर रुपयांपर्यंत दंड. कलम ५५ त्याहून जबरदस्त आहे. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे वाचून भाडेकरूला हत्तीचं बळ यायला हवं. येत नाही. कारण कलम ५५ घेऊन कोणी पाच तारखेला काकूंच्या दारात उभं राहत नाही. आणि राहू नये. कायदा भांडण झाल्यावर कामाला येतो. आपल्याला भांडण न होता राहायचं असतं. म्हणून मला कलमांपेक्षा, पावती कशी मागावी म्हणजे समोरच्याला लागणार नाही, या कलेत जास्त रस आहे.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकतो. भाडं रोखीत देणं हा गुन्हा नाही. पुष्कळ जणांना वाटतं, की रोख म्हणजे काळा पैसा, त्यात आपणही सामील, मग पावती मागायचा आपल्याला हक्क काय? मर्यादा आहे ती मोठ्या रकमेची. १ एप्रिल २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याच्या डोक्यावर. पेठेतल्या खोलीचं भाडं त्याच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही. मालकाने ते उत्पन्नात दाखवलं की नाही हा त्याचा आणि प्राप्तिकर खात्याचा मामला. गंमत म्हणजे कराच्या भीतीने रोखीचा हट्ट धरणाऱ्या अनेक वयस्कर मालकांना कर लागतही नसेल. घरभाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते, आणि खाली उरतं ते बहुतेकदा करपात्र मर्यादेच्या आतलंच. पण हे त्यांच्या सीएने सांगायला हवं. भाडेकरूने सांगितलं तर आगाऊपणा.

कराच्याही आधीची एक भीती आपल्याकडच्या जुन्या घरमालकांच्या मनात मुरलेली आहे. कुळाची, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याची. "लिहून दिलं की कूळ लागतं" हे वाक्य मी फ्लॅटच्या मालकाच्या तोंडून ऐकलंय, आठव्या मजल्यावर, लिफ्टसमोर. शेतजमिनीचा कायदा तो, १९४८चा. त्यातला १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो जमिनीचा मालक मानला गेला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरात ही तारीख अजून दुखऱ्या आवाजात निघते. ज्यांना मिळाल्या, किंवा मिळता मिळता राहिल्या, त्यांच्या घरात वेगळी गोष्ट ऐकू येते: मालक खंड घ्यायचा, खळ्यावर उभं राहून भात मोजून घ्यायचा, पण खंडाची पावती द्यायचा नाही. पावती दिली की हा आपला कूळ आहे हे आपल्याच सहीने कबूल केल्यासारखं. सातबाऱ्यावर नाव नाही, हातात पावती नाही, मग वहिवाट सिद्ध कशाने करणार? शेजारच्या शेतकऱ्याच्या साक्षीने. आणि तो शेतकरीही त्याच मालकाचा मिंधा.

तर लिहून न देण्याची ही विद्या शेतातून शहरात आली. फ्लॅटला कुळकायदा लागत नाही, हे कोण कोणाला समजावणार! उलट आजच्या लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठराविक मुदतीपुरत्या वापराच्या परवान्याच्या, जमान्यात कागद मालकालाच जास्त राखतो. मुदत संपल्यावर राहणारा हटला नाही, तर त्याच अधिनियमाच्या कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट दराने भरपाई मागता येते, आणि लेखी करार तिथे निर्णायक पुरावा धरला जातो. तोंडी व्यवहार करणारा मालक हे हत्यार आपल्या हाताने टाकून देतो. मालकाशी बोलायचं तर हा मुद्दा काढावा. "माझ्या सोयीसाठी" म्हणून मागितलेला कागद मिळत नाही, "तुमच्या सुरक्षिततेसाठी" म्हटलं की चष्मा शोधला जातो.

पावतीची खरी किंमत मी गिरगावात पाहिली, आत्याच्या चाळीत. पागडीची खोली, म्हणजे सुरुवातीला एकदाच मोठी रक्कम देऊन पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहायची. मुंबईत १९४७च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधली आणि ती तिथेच पन्नास वर्षं गोठली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणं अन्यायाचं ठरवलं, मग १९९९चा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. पण चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. मालकाला भाड्यात रस उरला नव्हता, जागेत होता. आणि भाडेकरूला जागा म्हणजे भाडेपावती. आत्याकडे खरेदीखत नव्हतं, करार नव्हता. होती ती तिच्या सासऱ्यांच्या नावाची पावती, लांबट, मेहताजीच्या, म्हणजे मालकाच्या भाडं गोळा करणाऱ्या कारकुनाच्या, वळणदार अक्षरातली, कार्बनने निळी झालेली. रेशनकार्ड तिच्यावर झालं, पोरांचे शाळेचे दाखले तिच्यावर झाले. चाळीत लोक "खोली नावावर केली" म्हणत नाहीत, "पावती नावावर केली" म्हणतात, आणि त्यासाठी मालकाला मोठी रक्कम मोजतात.

पुनर्विकासाची कुजबुज सुरू झाली तसा मेहताजी यायचा बंद झाला. निरोप असा, की भाडं नंतर एकदम बघू, घाई नाही. चाळीतले काही जण खूश. महिन्याचे पन्नास रुपये वाचले तेवढेच. आत्याचे यजमान बेस्टमध्ये नोकरी केलेले, कागदाला पक्के. ते टपाल कचेरीत गेले आणि भाड्याची मनीऑर्डर केली, खालच्या कूपनवर महिना आणि खोली नंबर घालून. मनीऑर्डर परत आली. शेरा: घेण्यास नकार. पुढच्या महिन्यात पुन्हा केली. पुन्हा परत. पाठवायचं कमिशन प्रत्येक खेपेला जायचंच. आत्या वैतागायची, पोस्टाला पोसताय म्हणायची. त्यांचं उत्तर ठरलेलं: "पैसे परत आले तरी चालतील, शेरा आला पाहिजे."

त्यात कायद्याचं मर्म होतं. भाडेकरू भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे, तोवर थकबाकीच्या कारणाने त्याला काढता येत नाही. आणि तयारी मनात असून भागत नाही, ती कागदावर दिसावी लागते. थकबाकीचा दावा लावायचा तर मालकाने आधी लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबायचं असतं, हे खरं. दावा लागल्यावरही व्याजासह रक्कम कोर्टात भरून वाचता येतं. पण ज्यांनी मेहताजीच्या निरोपावर विसंबून भाडं थांबवलं, त्यांना पुढे "आम्ही देत होतो, तेच घेत नव्हते" हे सांगायला शब्दांपलीकडे काही नव्हतं. आज मनीऑर्डरीची सवय गेली. रजिस्टर पोस्ट म्हणावं तर तेही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. पण युक्ती तीच राहते. मालक रोख घेईना, तर त्याच आठवड्यात चेक आणि चार ओळींचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवायचं, पोचपावतीसह. परत आलं तर पाकीट न फोडता तसंच ठेवायचं.

आता पेठेकडे येतो. माझा भाचा परभणीहून स्पर्धा परीक्षांच्या तयारीला आला. नवी पेठ, सदाशिव, शास्त्री रस्ता, हा सगळा भाग अशा पोरांचा. अभ्यासिका, मेस, झेरॉक्सची दुकानं आणि कॉट बेसिसवरच्या खोल्या. कॉट बेसिस म्हणजे खोली तुमची नाही, खाट तुमची. एका खोलीत चार खाटा, एक कपाट अर्धं अर्धं, बाथरूम गॅलरीच्या टोकाला. अशा खोल्यांचे करार सहसा होत नाहीत. भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट एक महिन्याचं, सगळं रोख, खाली राहणाऱ्या काकूंच्या हातात.

काकू हिशेबाला कच्च्या नव्हत्या. भिंतीवरच्या कालनिर्णयात पाच तारखेच्या चौकोनात त्या पेन्सिलीने लिहायच्या: परभणी ३५००. खाली उदगीर ३५००, जत २०००, पुढे प्रश्नचिन्ह. पोरांची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत त्या पडल्या नव्हत्या, गावं पुरे होती. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, नोंद आहे, पण ती यांच्या भिंतीवर आहे. डिसेंबर संपला की कॅलेंडर रद्दीत जाणार आणि परभणीचा पोरगा कुठे जाणार?

भाच्याला म्हटलं, पावती माग. तो कानकोंडा झाला. "मामा, तुम्हीच बोला ना. त्या म्हणतील, मी काय पळून जाणारे का?"

आणि अगदी तेच त्या म्हणाल्या. शब्दही तेच. पण मला उत्तर ठाऊक होतं, कारण ही युक्ती बँकेतल्या एका जुन्या मित्राची, आणि ती चुकत नाही: संशय स्वतःवर घेऊ नका, समोरच्यावर टाकू नका, तिसऱ्या माणसाच्या गळ्यात बांधा, जो तिथे हजर नाही. मी म्हटलं, "काकू, तुमचं नाही हो. याची आई. तिला प्रत्येक महिन्याचा हिशेब लागतो. पैसे पाठवते आणि विचारते, भाड्यालाच गेले का हॉटेलात?" माझी ताई बिचारी असलं काही विचारत नाही. पण काकूंचा चेहरा सैल झाला. पोरगा बापाच्या पैशावर पुण्यात काय दिवे लावतो याची काळजी करणारी आई, ही गोष्ट त्यांच्या ओळखीची होती. "बरोबर आहे तिचं," म्हणाल्या, आणि वही मागितली.

नोकरीवाल्यांनी आईच्या जागी ऑफिस घालावं. "एचआर मागतंय" हे वाक्य तर खरंही असतं. घरभाडे भत्त्याची वजावट मागताना पावत्या द्याव्या लागतात, वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅनही. (महिन्याचं भाडं ८,३०० वर येऊन अडणाऱ्या खोल्या का असतात, ते यावरून कळावं.) मात्र पावतीची दुनिया या भत्त्यानेच नासवली, हेही मान्य करायला हवं. छापील नमुना, आईवडिलांची सही, आणि राहायला त्यांच्याच घरी. त्यामुळे नुसत्या पावतीकडे आता अधिकारीही तिरक्या नजरेने बघतात आणि बँकेतून पैसे निघालेले दाखवा म्हणतात.

तर वही. शंभरपानी, साधी. पान उभं दुमडून चार रकाने केले. तारीख, कोणत्या महिन्याचं भाडं, रक्कम, सही. रक्कम आकड्यात आणि अक्षरात. "रोख मिळाले" असे दोन शब्द. पहिल्या पानावर घराचा पत्ता, खोली, खाट, काकूंचं पूर्ण नाव, डिपॉझिट किती आणि कधी दिलं. महिना लिहायचा हे लोक विसरतात, आणि भांडण नेमकं तिथे होतं. पाच जुलैला दिलेले पैसे जूनचे की जुलैचे? आगाऊ की मागचे? पावतीवर नुसती तारीख असेल, तर निघताना मालक एक महिना बाकी काढतो आणि आपण बोटं मोजत बसतो. रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही त्याच्यावरून घ्यावी. राहिलंच तिकीट, तर धीर सोडायचं कारण नाही. मुद्रांक कायद्याने अशी बिनतिकिटाची पावती, ती देणाऱ्याविरुद्ध, एक रुपया दंड भरून पुराव्यात घेता येते. देशातला सर्वांत स्वस्त दंड हाच असावा.

काकूंची सही बघण्यासारखी. चष्मा नाकाच्या टोकावर, वही पाटावर, आणि नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सगळं, एकही अक्षर न गाळता, वर रेघ मारून. घाई नाही. भाचा तोवर दाराशी चपलांत पाय अडकवून उभा. दोन-तीन महिन्यांत असं झालं, की तो पैसे घेऊन खाली गेला आणि वही विसरला, तर काकूच विचारायच्या, "आईची वही कुठंय?" मग उदगीरलाही वही आली. जतचं प्रश्नचिन्ह मात्र बराच काळ तसंच होतं. तो म्हणायचा दिले, काकू म्हणायच्या अर्धे, आणि पेन्सिलीचा तो आकडा दोघांनाही मदत करत नव्हता.

टाळेबंदीत या पेठांमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. मार्च २०२० मध्ये पोरं परीक्षा पुढे गेल्या म्हणून चार कपडे घेऊन गावी गेली, पुस्तकं आणि गाद्या इथेच. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकला अशा सूचना काढल्या. पुढे ढकला म्हणजे माफ करा नव्हे, हे मालकांनी बरोबर ओळखलं. परत आलेल्या पोरांसमोर बंद खोलीचं भाडं, डिपॉझिटमधून कापलेलं, असा हिशेब आला. कोणी किती दिलं होतं, डिपॉझिट होतं की नव्हतं, मार्चचं भाडं आलं होतं की नाही, यात दोन्हीकडची स्मरणशक्ती आपापल्या सोयीने चालली. काही खोल्यांना नवी कुलपं होती, पुस्तकं आत.

सही घेणं अगदीच जमत नसेल त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप आहे. पैसे देऊन जिना उतरलात की खाली उभं राहूनच निरोप पाठवा: "काकू, नमस्कार. ऑगस्टचं भाडं साडेतीन हजार आत्ता तुमच्याकडे रोख दिलं. धन्यवाद." त्यात पावतीची मागणी नाही, संशय नाही, उलट सौजन्य आहे. समोरून "हो" आलं, अंगठा आला, "मिळाले बाळा" आलं, की झालं. नुसत्या निळ्या खुणा आल्या तर तो निरोप वाचल्याचा पुरावा, पैसे मिळाल्याचा नव्हे; पण वाचून कोणी नाकारलं नाही यालाही वजन असतं, विशेषतः असे महिनोन्‌महिने ओळीने निरोप असतील तर. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात घेण्याची सोय आहे, प्रमाणपत्रासह. म्हणून फोन बदलताना ती गप्पांची खिडकी पुसू नका. आणि भाड्याचे पैसे पगारातून बाजूला काढलेल्या नोटांतून देण्यापेक्षा त्याच दिवशी एटीएममधून काढून द्यावेत. पासबुकात दर महिन्याच्या पाच तारखेला तेवढीच रक्कम निघालेली दिसते. एकटी ती काही सिद्ध करत नाही. निरोपाशेजारी ठेवली की बोलायला लागते. विजेचं बिल भाडेकरूच भरत असेल तर ते ऑनलाइन भरावं, ग्राहक क्रमांक मालकाचा आणि खातं आपलं. त्या पत्त्याशी आपला संबंध दर महिन्याला आपोआप नोंदला जातो. पोलिसांकडे द्यायच्या भाडेकरूच्या माहितीचंही तेच. मालक ती स्वतःच्या बचावासाठी देतो, पण त्यावर नाव आपलं असतं.

इथवरचं सगळं साध्या माणसांचं. एक प्रकार मात्र असा आहे, जिथे मी भीड वगैरे बाजूला ठेवून सरळ उठून यायला सांगतो: करारात पाच, हातात आठ. एजंट समजावतो, की मालकांना कागदावर कमी दाखवायचंय, तुमचं काय जातंय? भाड्याचं एक वेळ ठीक, डिपॉझिटचं फार जातं. नोंदणीकृत करारात डिपॉझिट दहा हजार आणि प्रत्यक्षात दिलेले पन्नास, तर निघताना चाळीस हजार मालकाच्या मर्जीवर. तुमच्याच सहीचा आणि अंगठ्याचा सरकारी कागद तुमच्याविरुद्ध उभा. तोंडी व्यवहारात निदान कलम ५५ तुमच्या बाजूने बोलतं. इथे तेही गप्प. खर्च वाचवायचा म्हणून हे करतात म्हणावं, तर मुद्रांक शुल्क असतं किती? एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या मिळून पाव टक्का. आठ हजार भाड्याच्या अकरा महिन्यांना ते दोन-तीनशेच्या घरात येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. एजंट घरी यंत्र आणून अंगठे घेतो त्याचे वेगळे. रंगाच्या एका डब्यात बसणारा खर्च आहे.

डिपॉझिटची दुसरी गंमत आठवते ती ८ नोव्हेंबर २०१६ नंतरची. पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या त्या आठवड्यात, महिनोन्‌महिने "बघू, देऊ" म्हणणाऱ्या काही मालकांना भाडेकरूंचं डिपॉझिट परत करण्याची एकदम निकड वाटू लागली. माझ्या एका सहकाऱ्याला तर घरी येऊन द्यायला तयार होते. त्याने नम्रपणे चेक मागितला.

मुंबईच्या उपनगरांत हेवी डिपॉझिट म्हणतात ते याचंच थोरलं भावंड. पाच-सात लाख एकदम द्यायचे, भाडं नाममात्र किंवा नाहीच, मुदत संपली की पूर्ण रक्कम परत. महिन्याचं भाडं परवडत नाही पण गावची जमीन विकून आलेले पैसे हातात आहेत, अशी माणसं याच्याकडे ओढली जातात. रक्कम रोख असेल तर दोन लाखांची मर्यादा तिथल्या तिथे मोडलेली. पण त्याहून वाईट म्हणजे पैसे घेणारा मालकच नसतो. तो स्वतः भाड्याने घेऊन पुढे पोटभाडेकरू ठेवणारा निघतो, आणि खरा मालक वर्षाने कुलूप बदलायला येतो. रोख देण्याआधी एकच गोष्ट मागायची: जागा याचीच आहे हे दाखव. सूची क्रमांक दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं बिल, काहीही. पुतण्या, मेव्हणा, केअरटेकर पैसे घ्यायला येत असेल, तर मालकाकडून एक निरोप: "माझ्या वतीने याच्याकडे द्यावेत." यूपीआयनेही हाच प्रश्न सुटलेला नाही. मालक म्हणतो मुलाच्या नंबरवर पाठवा, सुनेच्या नंबरवर पाठवा. पाठवावेत, फक्त खालच्या टिपेत महिना आणि खोली लिहावी, आणि मालकाला कळवावं की तुम्ही सांगितल्याप्रमाणे यांच्याकडे पाठवले.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच धरलंय. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होणार, त्यामुळे त्याच्या भरवशावर घर शोधू नये.

भाच्याने ती खोली सोडली तेव्हा मी गेलो होतो. निघतानाचा कागद सगळ्यात जास्त राहून जातो, कारण तोवर सामान टेम्पोत चढलेलं असतं. पण भाडं थांबतं ते माणूस निघाल्याने नव्हे, ताबा दिल्याने. चावी कधी दिली याची नोंद नसेल, तर मालक पुढच्या महिन्याचंही भाडं लावू शकतो आणि मुदतीनंतरच्या दुप्पट दराची भाषाही करू शकतो. "शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा" असा तोंडी समझोता पुष्कळ जण करतात. चांगला समझोता आहे, फक्त तो दोन महिने आधी त्या निरोपाच्या खिडकीत उतरवायचा. वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही लिहिलं: खाटेचा ताबा आणि एक चावी आज मिळाली, डिपॉझिट साडेतीन हजारपैकी तीन हजार परत, पाचशे रंगासाठी, दोन्हीकडून बाकी काही नाही. काकूंनी त्याच ऐटीत सही केली. पाचशे कशाचे, हे मी विचारलं. भिंत तर होती तशीच होती. "सगळ्यांचेच घेते," त्या म्हणाल्या, आणि आम्ही टेम्पोत बसलो.